सावळी असली तरी

कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतून किंवा मयूर कॉलनीतून संध्याकाळी साडेसातनंतर चालत निघालं, की एखाद्या मालिकेचं शीर्षकगीत एका इमारतीच्या खिडकीत सुरू होतं आणि पुढच्या इमारतीच्या खिडकीत संपतं. आत मालिका पाहणं आणि तिच्यावर बोलणं एकदमच चालू असतं. नायिका आली की पहिला शेरा तिच्या रूपावर. 'नाकीडोळी नीटस आहे.' 'या वर्षात जरा सुटलीच.' आणि हमखास एक: 'सावळी असली तरी गोड दिसते.' बोलणारीच्या मनात कौतुकच असतं. पण त्या 'तरी'त सगळा हिशेब आलेला असतो. रंग उणेच्या रकान्यात, गोडवा जमेच्या.

हाच हिशेब वधूवर सूचक केंद्राच्या अर्जात छापील दिसतो. 'वर्ण' या शब्दापुढे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी उतरंड असते. 'काळा' हा पर्याय सहसा नसतोच. निमगोरा म्हणजे नेमका किती गोरा, हे कुणालाच सांगता येणार नाही, तरी मुलीची आई पेन हातात घेऊन त्या शब्दापाशी थबकते.

30 ऑक्टोबर 2019 रोजी स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' सुरू झाली, तेव्हा वाटलं होतं की हा हिशेब आता कुणीतरी मोडणार. मल्याळममधल्या 'करुत्तमुत्तु'वर ती आधारलेली होती, म्हणजे नावातच काळा मोती. दीपा नावाच्या सावळ्या मुलीचा रंगामुळे होणारा अपमान आणि तिचा स्वाभिमान, हा मालिकेचा गाभा. लोकांनी ती मनापासून पाहिली, दीपासाठी डोळे पुसले, टीआरपीच्या यादीत ती वर राहिली. पण दीपा झालेल्या रेश्मा शिंदे मुळात सावळ्या नाहीत. सावळेपण मेकअपनं आणलेलं होतं. चेहरा रंगवून भागत नाही. मान, कान, कोपरापासून बोटांपर्यंतचे हात, साडीतून दिसणारी पाठ, सगळं रोज रंगवायचं आणि रोज धुवायचं. ही नायिका खऱ्या आयुष्यात कशी दिसते, याच्या फोटोंसह बातम्या येत आणि चाहते हरखून जात. तिथं प्रेक्षकाची सुटका होते. ज्या दुःखासाठी तो रडतो, ते साबणानं धुतलं जाणारं आहे, हे त्याला ठाऊक असतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'बाला' या हिंदी चित्रपटात भूमी पेडणेकर यांनाही असंच सावळं केलं गेलं. सावळेपणाच्या बाजूनं बोलणाऱ्या दोन कथा, आणि दोन्हींत सावळ्या मुलीला काम नाही.

यात नटीचा दोष काढण्यात अर्थ नाही. तिनं भूमिका निभावली. प्रश्न निवडीचा आहे, आणि निवड करणारे आपल्या आवडीकडे बोट दाखवतात. 'लोकांना हेच लागतं,' हे उत्तर या धंद्यात शंभर वर्षं चालत आलं आहे.

शंभर वर्षं हा आकडा उगाच नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे आणि त्याचं दुसरं संकुल कोथरूडमध्ये. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळं या संस्थेनं जपली. त्यातली तारामती म्हणजे अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारा तरुण. फाळक्यांना बाई मिळेना, तेव्हा या मुलाची नाजूक शरीरयष्टी आणि हात त्यांच्या नजरेत भरले. आपल्या पडद्यावरची पहिली देखणी स्त्री अशी घडली. रंगभूमीवर तर बालगंधर्वांची नऊवारी, अंबाडा, नथ पाहून घरंदाज बायका तशा नटत. 'बाईनं कसं दिसावं' याचा नमुना एका पुरुषानं घालून दिला आणि तो बायकांनी आरशासमोर उभं राहून गिरवला. पुढे 1935 मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व संत एकनाथ झाले, तर चाहत्यांना ते पुरुषवेशात हवेसेच वाटेनात. पन्नाशीला टेकलेले असताना, 1937 मध्ये, ते पडद्यावर मीराबाई झाले. रूप माणसाचं असतं, पण त्याची मागणी प्रेक्षकाची असते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नसेल.

विठ्ठलाच्या सावळेपणाला 'तरी' लागत नाही. नटालाही फारसं लागत नाही. निळू फुले, नाना पाटेकर, मकरंद अनासपुरे यांच्या रंगाचा खुलासा कथेला कधी करावा लागला नाही. अर्थात पुरुष मोकळेच सुटले असंही नाही. सामान्य चेहऱ्याच्या नटाला आपण विनोद देतो, खलनायकी देतो. शृंगार राखून ठेवतो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या तोंडाला पावडर फासतो, ते पाहताना थिएटरात हसू येतं आणि मग घशात अडकतं. त्याला आवडणाऱ्या शालूपर्यंतचं अंतर रंगाचं नाही, जातीचं आहे, आणि त्या पोराला हाती लागतो तो फक्त पावडरचा डबा. रंगाची चर्चा जात वगळून करणं महाराष्ट्रात तरी अप्रामाणिक आहे.

जाडीच्या बाबतीत मालिकांनी थोडी अधिक हिंमत दाखवली. 2020 मध्ये 'सुंदरा मनामध्ये भरली'साठी अक्षया नाईक आणि 2021 मध्ये 'येऊ कशी तशी मी नांदायला'साठी अन्विता फलटणकर निवडल्या गेल्या, त्या जशा होत्या तशा. कापसाच्या गाद्या बांधल्या नाहीत. हे पाऊल मोठं होतं. तरीही अक्षया यांची लतिका काय, अन्विता यांची स्वीटू काय, तिचं वजन कथेनं कधी नजरेआड होऊ दिलं नाही. जाड मुलगी नायिका होऊ शकते, पण जाडीच्याच गोष्टीची. सावळी मुलगी सावळेपणाच्या गोष्टीची. अपमान सोसण्याचं काम मिळतं, गाडी चालवण्याचं, खटला लढवण्याचं, प्रेमात पडून मूर्खपणा करण्याचं मिळत नाही.

याला उत्तर म्हणून स्मिता पाटील यांचं नाव निघतंच. त्या पुण्यात 1955 मध्ये जन्मल्या. दूरदर्शनवर बातम्या वाचणारा तो सावळा चेहरा आणि ते डोळे मराठी घरांनी आपले मानले. त्यांच्यावर आजही जीव टाकणारे लोक कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत भेटतील, आणि यातले कितीतरी जण सुनेच्या शोधात 'निमगोरी'वर अडतात. एकीला अपवाद करून नियम सांभाळण्याची ही रीत जुनी आहे.

पण जब्बार पटेलांचा 1982 चा 'उंबरठा' पुन्हा पाहावा. स्मिता पाटील यांची सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. तिथल्या गैरकारभाराशी भांडते, चुकते, एकटी पडते, परत येते तर घर तिचं उरलेलं नसतं. कुणी तिला रंगावरून टोमणा मारत नाही, कुणी 'तरी' म्हणत तिची समजूत काढत नाही. तो विषयच निघत नाही. प्रेक्षक तेव्हाही हेच होते, याच शहरातले, आणि तिकीट काढून ते हा चित्रपट पाहत बसले होते.