फळ लागेल काय, अक्का?

॥ श्री सद्गुरू चरणी नमन ॥



सध्या आपल्या कुटुंब गटांवर बटर फ्रूटच्या बियांचे फोटो खूप येताहेत. खिडकीत काचेचा पेला, त्यात पाणी आणि तीन-चार काड्यांवर तोललेली ती भली मोठी बी. कानडीत ह्या फळाला बेण्णे हण्णु म्हणतात, इंग्रजीत ॲव्होकाडो. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं, पण आता आपल्या कर्नाटकात कोडगू, चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतही होतं. एका अक्कांनी विचारलं, "बी तर उगवली, पण घरात फळ लागेल काय?" आजचं चिंतन ह्याच प्रश्नावर.

आधी खरं उत्तर देऊया. घरातल्या कुंडीत फळ लागणं फार अवघड. बाहेर जमिनीत लावलं तरी बियाच्या झाडाला फळ धरायला पाच वर्षं लागतात, कधी दहा-बारासुद्धा. आणि लागलं तरी तुम्ही जे फळ खाल्लं तसंच येईल असं नाही. आपण रताळ्याचा वेल तोडून लावतो, तेव्हा मूळ वेलासारखंच रताळं मिळतं. बियाचं तसं नसतं. प्रत्येक बी नवीन जीव घेऊन येते.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो, फळाची खात्री नाही तर रोज पाणी कशाला बदलायचं? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी फळाची आस सोडायला सांगितली, कर्म सोडायला नाही. हे वाक्य आपण पारायणात शंभरदा वाचतो. पण खिडकीतला तो पेला ते रोज करून घेतो.

बी कशी ठेवायची ते बघा. रुंद बाजू खाली, निमुळती वर. खालचा थोडा भाग पाण्यात, बाकीची बी हवेत. पूर्ण बुडवली तर कुजते, पाणी लागलंच नाही तर सुकते. प्रपंचातही आपण असंच राहायचं असतं. दोन-तीन आठवडे, कधी दीड-दोन महिने काहीच दिसत नाही. मग बी मधोमध तडकते आणि आधी खाली मूळ सुटतं, कोंब नंतर येतो. ज्यांना वाटतं की "एवढी माळ ओढली, काही फरक नाही," त्यांनी हे ध्यानात ठेवावं. रोज बी उचलून, चाचपून बघितली तर तेच कोवळं मूळ मोडतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बियाबद्दल आपण एवढा धीर धरतो. तोच धीर पोटच्या पोरांबद्दल राहतो काय? निकालाच्या दिवसांत कितीतरी घरांत जेवणाची ताटं तशीच राहतात. "थोरल्यासारखे मार्क का नाहीत?" "बाबांचा धंदा का नको?" मूल म्हणजे रताळ्याचा वेल नव्हे, आपलंच दुसरं रूप यायला. ती बी आहे.

कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हॅस नावाचे एक पोस्टमन होते. 1926 च्या सुमारास त्यांनी ह्याच फळाच्या बिया लावल्या. त्या रोपांवर त्या काळी नावाजलेल्या जातीचं कलम बांधायचं होतं. एका रोपावर ते कलम काही केल्या धरेना, म्हणून त्यांनी ते काढून टाकायचं ठरवलं. कलमाच्या जाणकारानं सांगितलं, झाड जोमदार आहे, राहू दे, बघूया. त्या झाडाला वेगळंच, जाड काळपट सालीचं फळ आलं. घरच्या पोरांना ते फार आवडलं. 1935 साली हॅस यांनी त्याचं पेटंट घेतलं. आज जगभर सगळ्यात जास्त विकली जाते ती हीच हॅस जात, आणि तिची सगळी झाडं त्या एकाच झाडाच्या कलमांपासूनची आहेत. ते मूळ झाड 2002 पर्यंत उभं होतं.

आपणही आपल्या इच्छेचं कलम मुलांवर बांधतो. कधी धरतं, कधी धरत नाही. नाही धरलं म्हणून कुऱ्हाड उचलायची नाही.

पण गोष्ट इथंच सोडली तर ती अर्धीच राहील. प्रत्येक नाकारलेलं रोप हॅस होत नाही. बियाची बहुतेक झाडं साधंच फळ देतात, काही नुसती सावली देतात. "माझा पोरगाही एक दिवस जग जिंकेल" ह्या आशेवर त्याला जवळ केलं, तर तीही फळाचीच आस झाली. सद्गुरूंनी आपल्याला जवळ घेतलं तेव्हा आपण पुढे काय होणार ह्याचा हिशेब मागितला होता काय?

आता थोडं व्यवहाराचं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. कुंडीला खाली भोक हवंच, ह्या झाडाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. आपल्याकडे नट्टीच्या दिवसांत पाऊस कसा लागतो ते सांगायला नको, तेव्हा कुंडी आडोशाला ठेवा. फळच हवं असेल तर नर्सरीतून कलमी रोप आणून परसात उंचवट्यावर लावा.

ह्या आठवड्याचा संकल्प: दर दोन-तीन दिवसांनी पेल्यातलं पाणी बदलताना नामस्मरण करायचं. आणि घरातल्या लेकराची दुसऱ्या कुणाशी तुलना करायची नाही, आठ दिवस, एकदाही नाही. संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून एकच विचारायचं, "आज जेवलास काय रे बाळा?" मार्कांचं नंतर बघू.

॥ जय सद्गुरू ॥