भोक दिसलं, तर कुणाला सांगायचं?

दौलताबादचा किल्ला अजिंक्य का मानला जायचा, हे तिथला कुठलाही गाईड पाच मिनिटांत सांगतो. डोंगराचा कडा तासून गुळगुळीत केलेला, भोवती खंदक, वर जायला एकच अरुंद वाट आणि त्या वाटेवर अंधारी नावाचं काळोखं भुयार. मी याच गावात राहतो आणि पोटापाण्यासाठी कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. त्यामुळे ती एकच वाट बघितली की मला आमचा कन्सोल आठवतो.

मोठ्या कंपनीत शेकडो मशीन असतात. प्रत्येकासमोर जाऊन बसणं शक्य नसतं, म्हणून ती सगळी एका स्क्रीनवरून चालवणारं सॉफ्टवेअर असतं. अपडेट टाका, पासवर्ड बदला, मशीन बंद करा, सगळं तिथूनच. सोय मोठी आहे. पण त्या सॉफ्टवेअरमध्येच पासवर्डशिवाय आत शिरता येईल अशी त्रुटी निघाली, तर चोराच्या हाती किल्ल्यांचा अख्खा जुडगा पडतो.

आता समजा, ती त्रुटी तुम्हाला सापडली. जगजाहीर केलीत तर चोरही वाचणार. गप्प बसलात तर ज्यांचं दार उघडं आहे ते बेसावध राहणार. काय कराल?

गप्प बसण्याची किंमत आपल्याकडेही मोजली गेली आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. ते डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी चालवत होती. 'नॉटपेट्या' हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्कमार्गे रायगड जिल्ह्यापर्यंत पोचला. पसरायला त्याच्याकडे दोन रस्ते होते. एक म्हणजे चोरलेले पासवर्ड आणि आम्हा अ‍ॅडमिन लोकांचीच रोजची साधनं. दुसरा 'इटर्नलब्लू'. हे हत्यार अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेचं. विंडोजमधली एक त्रुटी मायक्रोसॉफ्टला न सांगता या संस्थेने वर्षानुवर्षं स्वतःच्या वापरासाठी झाकून ठेवली. मार्च २०१७ मध्ये पॅच आला, एप्रिलमध्ये चोरीला गेलेलं हत्यार इंटरनेटवर पडलं. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंटेनर घेऊन बंदराकडे निघालेल्या ट्रकवाल्याने एनएसएचं नाव तरी ऐकलं असेल का?

इथे चूक कुणाची ते सांगणं सोपं आहे. अवघड गोष्ट पुढे आहे.

कसेया या कंपनीचं व्हीएसए हे असंच कन्सोलचं सॉफ्टवेअर. एप्रिल २०२१ मध्ये डीआयव्हीडी या नेदरलँड्समधल्या स्वयंसेवी गटाला त्यात गंभीर त्रुटी सापडल्या. त्यांनी ६ एप्रिलला कंपनीला खासगीत कळवलं आणि बाहेर अवाक्षर काढलं नाही. कंपनीनेही टाळाटाळ केली नाही, काही पॅच दिले. उरलेल्यांचं काम चालू असतानाच, २ जुलैला, आरईव्हिल या खंडणीखोर टोळीने हल्ला केला. सुमारे १,५०० व्यवसायांना झळ बसली. स्वीडनमध्ये कूप या साखळीची ८०० च्या आसपास दुकानं बंद ठेवावी लागली, कारण त्यांचे गल्ले सांभाळणारी कंपनी व्हीएसए वापरत होती. सगळे सचोटीने वागले, तरी दूध-पाव घ्यायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परतला.

मग गप्प राहणं चुकलं का?

देवगिरीची एक गोष्ट इथे उपयोगी पडते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, तेव्हा धान्य समजून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असं सांगतात. कडा शाबूत, खंदक शाबूत, आत भाकरी नाही. गोष्ट खरी किती ते इतिहासकार पाहतील. पण पहिलं पोतं उघडणाऱ्याने ते कुणाला सांगायचं? तटावरून ओरडलं तर शत्रू ऐकणार. राजाला तर सांगायलाच हवं, कारण उपाय त्याच्या हाती. आणि तटावरच्या शिपायाला? तो उद्याच्या जेवणाच्या भरवशावर लढतोय.

माझ्या मते प्रत्येक गुपिताला दोन प्रश्न विचारावेत. ते कुणाच्या भल्यासाठी आहे? आणि किती दिवस? एनएसए दोन्हीत नापास. डच गट पहिल्यात उत्तीर्ण. दुसऱ्यात मी अडकतो. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने ९० दिवसांची मुदत रूढ केली; कसेयावर हल्ला ८७व्या दिवशी झाला. त्यानंतर 'सर्व्हर बंद करा' अशी हाक गेली आणि इंटरनेटवर उघडे असलेले २,२०० हून जास्त सर्व्हर दोन दिवसांत १४० च्या खाली आले. म्हणजे सांगितलं तर लोक ऐकतात. ही हाक आधी देता आली नसती का?

उलट बाजूही खरी आहे. नुसतं 'बंद करा' म्हटलं तरी चोराला कळतं की इथे शोधण्यासारखं काहीतरी आहे. आणि आग दिसल्याशिवाय लोक घर सोडत नाहीत. तरीही मी शिपायाच्या बाजूने आहे. त्रुटी नेमकी कुठे आणि कशी, हे झाकून ठेवावं. पण धोका आहे, एवढं धोका सोसणाऱ्याला वेळेत कळायला हवं. कन्सोल बंद ठेवून प्रत्येक मशीनपाशी पायपीट करायची की जोखीम घ्यायची, हे त्याने ठरवावं. त्याच्या वतीने आपण ठरवणं ही त्याची काळजी वाटते खरी, पण त्यात त्याचा हक्क जातो.

आणि हा प्रश्न फक्त हॅकरांचा नाही. २०२२ पासून सर्ट-इनचा नियम आहे: सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा. हल्ल्याआधीचे दिवस मात्र बरेचसे आपल्या सद्सद्विवेकावर सोडलेले. पॅच आला की 'लाइन थांबेल, महिनाअखेर होऊ दे' हे वाक्य मी बऱ्याच कारखान्यांत ऐकलंय. पॅच येतो तेव्हा त्रुटी चोरांनाही ठाऊक झालेली असते. त्या यंत्रणेत ज्याचा आधार नंबर आणि बँक खातं आहे, तो कंत्राटी कामगार तेवढा बेसावध असतो. महिनाअखेरपर्यंत थांबायला तो तयार आहे का, हे त्या बैठकीत कुणीच विचारत नाही.