देणं, येणं आणि घेवड्याचा वेल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात कर्जाचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण मंदिराच्या पारावर आम्ही निवृत्त मंडळी बसतो, तेव्हा गुडघेदुखीच्या खालोखाल हाच विषय निघतो. फरक एवढाच, की गुडघ्याचं मोठ्यानं बोलतात आणि कर्जाचं हळू. शिवाय बहुतेकदा कर्ज स्वतःचं नसतं, मुलाचं असतं. म्हणून प्रश्न असा पडतो: बापानं मुलाचं कर्ज फेडावं का?

मी बँकेत कारकुनी केली. दुसऱ्यांच्या खात्यांवर लाल शेरे मारण्यात आयुष्य गेलं. माझा मुलगा चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. लग्नानंतर वर्षभरात त्याच्यावर क्रेडिट कार्डांचं आणि हातउसन्याचं मिळून दोन लाख ऐंशी हजारांचं देणं झालं. मी ग्रॅच्युइटीतून ते एका दिवसात फेडलं. त्याला एक शब्द विचारला नाही. तेव्हा मला वाटलं, आपण केवढा मोठेपणा दाखवला! आज सांगतो, तो मोठेपणा नव्हता. वसुलीवाला सोसायटीच्या गेटवर आला असता तर लोक काय म्हणाले असते, ही माझी धास्ती होती. पैसे मी मुलासाठी भरले नाहीत, स्वतःच्या नावासाठी भरले.

दोन वर्षांनी पुन्हा तेच. या वेळी एक लाख नव्वद हजार. थोडं कार्डावर, थोडं मोबाईलवरून घेतलेलं. फोन सुनेला येऊ लागले. सौ. म्हणाली, "अहो, एफडी मोडा आणि मोकळे व्हा." मी नाही म्हणालो. त्यानंतर तीन आठवडे घरात जेवणाचं ताट वाढलं जायचं, पण शब्द नाही. माझंही मन खात होतं. आपण शहाणे की निष्ठुर?

त्याच दिवसांत माझं गुरुचरित्राचं पारायण चालू होतं आणि अठरावा अध्याय आला. कथा आपल्याला सर्वांना माहीत आहे. अमरापूरचा गरीब ब्राह्मण, दारातला घेवड्याचा वेल. भिक्षा पुरेशी मिळाली नाही की त्या शेंगांवर दिवस निघायचा. श्रीगुरू भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना तोच वेल उपटून गेले! घरची माऊली रडली. ब्राह्मणानं मात्र गुरूंना दोष दिला नाही. वेलाचं मूळ काढायला त्यानं खणलं, तेव्हा द्रव्यानं भरलेला हंडा लागला.

ही कथा मी पन्नासदा वाचली असेल. दर वेळी नजर हंड्यावर जायची, या वेळी ती वेलावर थांबली. श्रीगुरूंच्या ठायी काय कमी होतं? झोळीतून मोहरा काढून देता आल्या असत्या. तसं त्यांनी केलं नाही. ज्याच्या आधारानं ते घर कसंबसं तग धरून होतं, तो आधारच आधी काढला. आणि हंडा बाहेरून आला नाही, त्याच अंगणात होता. खणावं मात्र त्यालाच लागलं.

आमच्या घरातला घेवड्याचा वेल कोणता? कार्डाच्या बिलावरची 'किमान देय रक्कम'. समजा बाकी एक लाख आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे साडेतीन हजार व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे सहाशे तीस. तुम्ही पाच हजार भरले तर मुद्दल घटते आठशे सत्तर रुपयांनी. महिना निघतो, दिवस ढकलला जातो, पण कर्ज जिथल्या तिथं. आणि त्या वेलाला खतपाणी घालणारा दुसरा आधार म्हणजे मी. बाप आहे, शेवटी भरेलच!

तरीही एक शंका राहिली. आपल्याच परिसरात, देहूला, तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली होती ना? घरात महाजनकी, सावकारी. इ.स. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली पत्नी गेली. पुढे त्यांनी खतपत्रांचे दोन भाग केले, धाकट्या कान्होबांचा भाग त्यांना दिला आणि आपला भाग पाण्यात सोडला, असं परंपरा सांगते. मग मीच हिशेब का धरून बसलोय?

विचार करता ध्यानात आलं, की तुकोबांनी सोडलं ते स्वतःचं येणं. कान्होबांचं येणंसुद्धा त्यांनी परस्पर सोडलं नाही. आपलं येणं सोडणं हे वैराग्य. आपलं देणं सोडणं हे वैराग्य नव्हे.

सावकार दरवेळी निर्दोष असतो असंही नाही. याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात तर दामदुपटीचा नियम होता, एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायचं नाही. म्हणजे घेणाऱ्यालाही मर्यादा सांगितली होती. ती मर्यादा आज कार्डाच्या कागदावर शोधून सापडत नाही. म्हणूनच सही करण्याआधी व्याजाचा आकडा वाचणं, हेही आता गृहस्थधर्मात धरलं पाहिजे.

शेवटी एका गुरुवारी आरतीनंतर चौघं जमिनीवर बसलो, मध्ये वही. मी आधी माझं पेन्शन किती आणि एफडी किती, ते सांगितलं. मुलाला ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं. ही माझीच चूक. घरात पैशाबद्दल कधी बोलायचं नाही, आणि मग मुलाला हिशेब येत नाही म्हणून रागवायचं! मग त्यानं आपली देणी लिहिली. सगळ्यांत महाग व्याजाचं सगळ्यांत वर. मोटारसायकल विकून पन्नास हजार आले. उरलेल्या एक लाख चाळीस हजारांसाठी सौ.नं पाटल्या काढून ठेवल्या. म्हणाली, "दान देत नाहीये. सोडवून आणायच्या."

सोनेतारण साधारण दहा टक्क्यांनी मिळालं. हप्ता साडेसहा हजारांच्या आत. आधी त्याच्या कर्जाचं नुसतं व्याज महिन्याला याहून जास्त होत होतं. आता त्याच पैशात मुद्दल फिटू लागलं. हाच आमच्या अंगणातला हंडा. दोन वर्षं तो कंपनीच्या बसनं गेला. कार्डं कात्रीनं कापली, ती सुनेनं. मध्ये दोन हप्ते चुकलेही. तेव्हा जीभ आवरणं मला हप्ता भरण्याहून जड गेलं.

पाटल्या परत आल्या त्या दिवशी मी जुनी डायरी काढली. 'दोन लाख ऐंशी हजार, चिरंजीवांकडून येणे' अशी ओळ तिच्यात होती. कुणाला न दाखवता लिहिलेली, आणि दर भांडणात मनातल्या मनात वाचलेली. ती ओळ खोडली. पान इंद्रायणीत टाकलं नाही, तिला बिचारीला आधीच पुष्कळ झालंय.

तेव्हा, बापानं मुलाचं कर्ज फेडावं का? मला वाटतं, देणं त्याचं त्याला फेडू द्यावं, त्याच्या शेजारी बसावं, आणि आपलं येणं मात्र सोडावं. यातलं तिसरं सगळ्यांत अवघड. माझंही ते अजून पुरतं साधलेलं नाही. ओळ खोडली तरी आकडा पाठ आहे. तोही विसरायला लावावा, एवढंच महाराजांकडे मागणं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!