अज्ञानाचा ताबा

यवतमाळ जिल्ह्यात ‘ताबा’ हा शब्द माणूस पहिल्यांदा ऐकतो तो शेतीच्या भांडणात. जमीन नावावर एकाच्या, ताबा दुसऱ्याचा. ताबा घ्यायला गेले आणि धुऱ्यावर डोकी फुटली, ही बातमी पेरणीच्या तोंडाशी कुठून ना कुठून येतेच. नवरा-बायकोची फारकत कोर्टात गेली की हाच शब्द मुलाला लागतो. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचं मूल ‘अज्ञान’ असतं, आणि त्या अज्ञानाचा ‘ताबा’ कुणाकडे, यावर दोन सज्ञान माणसं भांडतात.

माझा घटस्फोट परस्पर संमतीने झाला आणि आम्ही दोघांनीही वकील केला नव्हता. अर्ज मी लिहिला, त्याने वाचला, दोघांनी सह्या केल्या. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. नंतर अनेकींनी विचारलं, वकिलाशिवाय जमतं का? जमतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं आणि मग पुन्हा जाऊन दोघांनी ‘विचार बदललेला नाही’ असं सांगावं लागतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटलं आहे. एवढं समजून घेणं काही कठीण नाही. त्यामागचा प्रश्न मात्र मला जास्त छळत आला आहे: स्वतःच्या मुलाच्या बाबतीत आपली बाजू आपणच मांडणं योग्य आहे का?

कायद्याने या प्रश्नाचं एक उत्तर देऊन पाहिलं आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यातलं कलम १३ सांगतं की, या न्यायालयात वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाला गरज वाटली तर ते एखाद्या जाणकाराला न्यायमित्र म्हणून बोलावू शकतं. संसाराचं भांडण दिवाणी दाव्यासारखं लढलं जाऊ नये, आधी समेटाचा प्रयत्न व्हावा, समुपदेशक मदतीला असावेत, असा त्यामागचा विचार. पण माणसं वकिलाशिवाय उभी राहिली की सगळीच सारखी उभी राहत नाहीत. एकाला बोलता येतं, दुसरीला रडू येतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ साली एका निकालात हेच ओळखलं आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात, किंवा पक्षकाराला स्वतःचं म्हणणं नीट मांडता येणार नसेल तेव्हा, वकिलाला परवानगी द्यावी अशी भूमिका घेतली.

या दोन्ही भूमिकांमागे आपापलं खरं आहे. मुलाच्या प्रकरणात मात्र तिसरी एक गोष्ट असते. माणसं तीन असतात आणि बाजू दोन. वकील आपल्या अशिलाला बांधलेला असतो. ते त्याचं कर्तव्य आहे, त्यात वाईट काही नाही. आईचा वकील आईसाठी बोलेल, बापाचा बापासाठी. मुलाचं कल्याण हा शब्द दोघांच्याही अर्जात असेल, पण तो ज्याच्या त्याच्या अशिलाच्या बाजूने वाकलेला असेल. अशा वेळी वकील नसलेल्या आईवर किंवा बापावर एक जास्तीचं ओझं येतं. बोलायचं स्वतःसाठी आणि त्याच तोंडाने मुलासाठीही.

इथे आपल्याकडचा सातबारा मला समजायला मदत करतो. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाच्या नावावर आहे. नमुना बारा ही पिकांची नोंदवही. तिथे काय पेरलं ते कळतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ हे सातासारखं आहे. नैसर्गिक पालक बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांखालचं मूल एरवी आईजवळ. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, तेव्हा बँकेने बापाची सही मागितली ती याच कलमाच्या आधारे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यानंतरच असं नाही. बाप मुलाचं काही पाहतच नसेल, तर तो हयात असतानाही आई पालक असते. त्याच कायद्याचं कलम १३ बारासारखं आहे. नाव कुणाचं ते बाजूला ठेवून ते मुलाचं कल्याण सर्वांत वर ठेवतं.

पण मूल शेत नाही, आणि ही तुलना इथेच सोडावी लागते. शेताला कुणी विचारत नाही. मुलाला विचारता येतं: १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही समजत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेण्याची सोय आहे. म्हणून ‘ताबा’ शब्द मला टोचतो. ताब्यातल्या वस्तूला मत नसतं.

अर्ज लिहिताना माझ्यासमोर एक खरी गोष्ट होती. ज्या साली कापूस बुडाला त्या साली तिचा बाबा महिनाभर घरी आला नव्हता. कुठे होता, ते त्याने कधी सांगितलं नाही. ही गोष्ट अर्जात घातली असती तर माझी बाजू भक्कम झाली असती. खोटं त्यात काहीच नव्हतं. एखाद्या वकिलाने ती घातली असती आणि त्याचं काम म्हणून ते बरोबरच ठरलं असतं. मी बरेच दिवस विचार केला आणि एक कसोटी ठरवली. जे लिहिलं नाही तर मुलीच्या रोजच्या जगण्याला धोका आहे, ते लिहायचं, कितीही कडू असो. ज्याने फक्त त्याला लागेल, ते लिहायचं नाही, कितीही खरं असो. तो महिना दुसऱ्या प्रकारात बसत होता. मी लिहिलं ते असं: शाळेच्या दिवसांत मुलगी आईजवळ, दिवाळीची आणि उन्हाळ्याची अर्धी सुटी बाबाच्या गावी, ताप आला तर त्याच दिवशी दुसऱ्याला कळवायचं, शाळा बदलायची तर दोघांच्या संमतीने.

ही कसोटी सगळ्यांना चालणार नाही. जिथे मारहाण आहे तिथे गप्प राहणं म्हणजे मोठेपणा नव्हे, ते मुलाला पुन्हा त्याच घरात ढकलणं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि बापाच्या भेटी घातक असतील तर न्यायालय त्या नाकारू शकतं. तिथे बाईने एकटीने उभं राहू नये. पैसे नाहीत म्हणून वकील नाही, ही सबबही आता टिकत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी विधी सेवा प्राधिकरण आहे. स्वतः बोलणं ही निवड असेल तरच त्याला नैतिक वजन आहे. नाइलाजाने एकटं पडणं वेगळं.

आणखी एक भ्रम काढून टाकायला हवा. वकील नसला म्हणजे माणूस स्वतः बोलतोच असं नाही. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे पांढरकवडा, झरीकडच्या गोंड, कोलाम, परधान कुटुंबांत रिवाजाप्रमाणे पंचांसमोरही फारकत होते. वकील तिथे नसतो. पण अशा बैठकीत, आणि बिगर आदिवासी घरांतल्या बैठकीतही, मी पाहिलंय की बाई कोपऱ्यात बसते आणि तिचा भाऊ नाहीतर बाप बोलतो. मूल ओसरीवर खेळत असतं. त्याचं काय करायचं ते शेवटी, उठता उठता ठरतं.

मूल अठरा वर्षांचं झालं की ताब्याचा प्रश्नच उरत नाही. कागद मात्र उरतो. उद्या सज्ञान झालेली मुलगी तो अर्ज वाचायला मागू शकते, आणि त्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून विचारू शकते, हे कुणी लिहिलं? वकील केला असो वा नसो, खालची सही आईबापाचीच असते. वकिलाने लिहिलं असेल तर सही करण्याआधी, आणि स्वतः लिहिलं असेल तर लिहिता लिहिताच, तो कागद एकदा तिच्या डोळ्यांनी वाचून पाहावा. कायदा तिला अज्ञान म्हणतो. पण आपल्या घरात काय चाललं होतं, हे तिच्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेलं नसतं.