वीज पडली, आणि एकजण वाचला

वाचा : ईयोब १:१३-२२, लूक १३:१-५



लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा ह्या भागात मृगाचे ढग भरून आले की संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीच्या वावरात असलेल्या माणसाला घर गाठेपर्यंत धीर नसतो. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे दगावली, आणि त्यांत सर्वांत अधिक आपल्या मध्यप्रदेशातील होती. परंतु विजेच्या तडाख्यात सापडलेला प्रत्येकजण मरत नाही, पुष्कळजण वाचतात. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते ह्या वाचलेल्यांविषयी.

समजा, एक बागवान संध्याकाळी आपली दोन कुत्री घेऊन धुऱ्याने फिरावयास निघाला आहे. जवळच्या निंबावर वीज पडते. शुद्धीवर येऊन पाहतो तो दोन्ही कुत्री मेलेली, आणि झाडाखाली उभा असलेला शेजारीही गेलेला. मग गावात बोलणी सुरू होतात. ह्याची पुण्याई मोठी! कुत्र्यांनी धन्याचे मरण आपल्यावर घेतले! आणि जो गेला तो पायाळू होता, वीज त्याच्याकडे जाणारच! अशी भाषा आपल्या ख्रिस्ती घरांतूनही ऐकू येते, हे आपण लपवू नये.

झाडावर पडलेली वीज जमिनीतून चोहोंकडे पसरते. जनावराचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून दूर, म्हणून प्रवाह एका बाजूने चढतो आणि काळजावरून दुसऱ्या बाजूने उतरतो. माणसाची पावले जवळजवळ असली तर त्याला धक्का कमी बसतो. २०१६ साली नॉर्वे देशातील एका पठारावर एकाच वादळात ३२३ रेनडियर मरून पडले, ते बहुधा असेच. जन्मताना आधी पाय आले की डोके, हे विजेला काय ठाऊक? आणि धन्याच्या बदली मरणारे कुत्रे आम्हांला शास्त्रात कोठे सापडत नाही. आपल्याऐवजी मेला तो एकच, आणि तो जाणूनबुजून मेला.

शिलोहाचा बुरूज पडून अठराजण मेले, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न प्रभूने स्वतःच काढला आणि स्वतःच नाही म्हटले. मग तो वळला तो जिवंतांकडे. मिलिता बेटावरील लोकांनी तर पौलाच्या हाताला साप लागताच त्याला खुनी ठरविले, आणि तो मेला नाही असे पाहून देव ठरविले. एकाच घटकेत दोन निकाल, आणि दोन्ही चुकले!

ह्या भागातील लूथरन मंडळीच्या लोकांना पुढील गोष्ट नवी नाही. २ जुलै १५०५ रोजी कायदा शिकणारा एकवीस वर्षांचा मार्टिन ल्यूथर आईबापांना भेटून एरफुर्टला परत चालला होता. स्टोटर्नहाइम गावाजवळ अगदी शेजारी वीज कोसळली. भयाने त्याने संत अन्नेचा धावा केला व संन्यासी होण्याचा नवस बोलला, आणि पंधरा दिवसांत मठात शिरला. बाप फार रागावला. पुढे १५२१ साली ल्यूथरने बापाला लिहिले की, तो नवस आपण खुशीने केला नव्हता, मरणाच्या धाकाने घेरलेल्या माणसाचा तो नवस होता. विजेने त्याला मठाच्या दारापर्यंत नेले खरे. कृपेपर्यंत तो पोहोचला तो शास्त्राच्या अभ्यासाने, आणि त्याला पुष्कळ वर्षे लागली.

म्हणून वाचलेल्या भावाला पुढच्याच रविवारी साक्ष द्यावयास उभे करण्याची घाई आपण का करतो? देवाने मला राखले, असे तो म्हणेल, आणि ते खरेच आहे. पण त्याच मंडळीत मेलेल्या शेजाऱ्याची विधवा बसलेली असते. तिच्या कानी त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग पडतो, जो कोणी उच्चारलेला नसतो. ईयोबाकडे आकाशातील अग्नीची बातमी घेऊन आलेला चाकरही एकटाच वाचला होता. तूच कसा राहिलास, असे ईयोबाने त्याला विचारले नाही. त्या भावाने आधी त्या घरी जाऊन बसावे. तिचे वावर पेरून द्यावे. साक्ष मागाहून होईल.

आणखी एक गोष्ट, ती शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना अवश्य शिकवावी. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावण्यास भिऊ नये. काही गावांत त्याला शेणात पुरून ठेवतात, आणि त्यात जीव वाचविण्याची घटका निघून जाते. श्वास बंद असेल तर ताबडतोब छाती दाबावी, तोंडाने श्वास द्यावा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. लखलखाटानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी काढलेले ‘दामिनी’ हे ॲप मोबाईलवर आगाऊ सूचना देते, तेही मोठ्या मुलांना दाखवावे.

आणि वर्ग भरलेला असता आभाळ गडगडू लागले, आणि मुले एखाद्या पायाळू पोराला आपल्यातून ढकलू लागली, तर शिक्षकाने त्याला आपल्या शेजारी बसवून घ्यावे आणि धडा पुढे चालू ठेवावा.