न दुखणाऱ्या दुखण्याचा नेम

आमच्या परिचयाचे एक वारकरी आबा आहेत. चाळीस वर्षांत त्यांची एकादशी चुकली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांचा रक्तदाब १७० वर १०० भरला आणि रोजची एक गोळी सुरू झाली. महिन्याभराने आकडा उतरला, तशी 'रोग गेला' म्हणून आबांनी गोळी सोडली. विचारले तर म्हणत, "अरे, दुखतंय कुठं मला? ज्यानं देह दिला तो सांभाळील!"

आबा एकटे नाहीत. दीर्घकाळच्या आजारांत सधन देशांतही निम्मेच रोगी नेमाने औषध घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितले. कारण उघड आहे. रक्तदाब बहुधा दुखत नाही. गोळी घेतली तरी काही जाणवत नाही, सोडली तरी त्या दिवशी काही बिघडत नाही. तिचे फळ म्हणजे न झालेला पक्षाघात. जे घडलेच नाही, ते दिसणार कोणाला?

मग दोष कोणाचा? देह नाशिवंत, हे आबांचे म्हणणे खरेच. परंतु तो लुळा पडला तर उचलायचा सुनेने आणि नातवाने. तेव्हा देह आपल्या एकट्याचा नाही. शिवाय एकादशीचे फळ आबा त्याच संध्याकाळी मोजीत नाहीत. मग गोळीचेच का मोजावे?

पण एवढ्यावर आबांना दोषी ठरवून आपण मोकळे झालो, तर तो अन्याय होईल. केंद्रात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. कधी तेथे गोळ्याच संपलेल्या असतात. आणि 'चुकली' असे खरे सांगावे, तर चारचौघांत बोलणी बसतात. म्हणून आबांनी सांगितले, "घेतो की रोज!" डॉक्टरांना वाटले, एक गोळी पुरत नाही, त्यांनी दुसरी वाढविली. खोटे आबा बोलले खरे, पण ते बोलायला भाग कोणी पाडले?

२०१७ साली आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम निघाला. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे त्यात आरंभी होते. महिन्याच्या गोळ्या एकदम द्याव्या, शक्यतो गावाजवळ द्याव्या, जो आला नाही त्याची चौकशी करावी, असा त्याचा रोख. दिंडीत कोणी मागे राहिला, तर आपण त्याला रागे भरतो का? "माउली, पाय दुखतो का?" असेच विचारतो ना?

पुढे आबा केंद्रात गेले, तेव्हा नव्या परिचारिकेने 'घेतल्या का?' असे विचारलेच नाही. ती म्हणाली, "आबा, या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?" आबा घुटमळले. मग म्हणाले, "चार, बाई." दुसरी गोळी बंद झाली. पहिलीची वेळ सकाळच्या चहाशी बांधली गेली.

तात्पर्य, नेम धाकाने टिकत नाही, सोबतीने टिकतो. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना आज असेच विचारा. आणि वारीला निघताना गाठोड्यात आधी गोळ्यांची पुडी ठेवा.