शोधण्याचा अधिकार

१९५५ साली होर्हे लुईस बोर्हेस अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, तेव्हा पुस्तक वाचता येईल इतकी दृष्टी त्यांच्यापाशी उरली नव्हती. ग्रंथांनी वेढलेल्या, पण स्वतः वाचू न शकणाऱ्या ग्रंथपालाची ही अवस्था त्यांनी कवितेचा विषय केली आणि तिच्यात ईश्वरी उपरोध पाहिला. साहित्यरसिकांनीही ती नियतीच्या क्रूर विनोदाचे उदाहरण म्हणून स्वीकारली. त्या काळी तसे पाहणे अस्वाभाविक नव्हते. छापील अक्षर डोळ्यांसाठीच होते. ज्याला डोळे नाहीत त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवाचून गत्यंतर नव्हते. आज मात्र तीच अवस्था नियतीच्या माथी मारता येईल काय, हा प्रश्न विचारणे अपरिहार्य झाले आहे.

मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा अशी अपेक्षा करते, तर तिसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा अशी. या दोहोंच्या मध्ये तालिका उभी असते. आपल्याला कोणता ग्रंथ हवा आहे हे वाचकाला पुष्कळदा तालिका चाळेपर्यंत ठाऊक नसते. एका लेखकाच्या नावाशेजारी दुसरे नाव दिसते, एका विषयाखाली अनपेक्षित शीर्षक भेटते, आणि अभ्यासाला वेगळी दिशा लागते. अर्थात तालिका ही केवळ साठ्याची यादी नसून जिज्ञासेला आकार देणारे साधन आहे. ज्याला तालिका बंद, त्याला ग्रंथ मिळाला तरी शोध मिळत नाही.

लाकडी कपाटाच्या खणांत अकारविल्हे लावलेली तालिकापत्रे दृष्टिहीनाला निरुपयोगीच होती. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्याचा हात वरच्या खणापर्यंत पोहोचत नसे; ज्याच्या बोटांत कंप आहे त्याला पत्रे उलटता येत नसत. तरीही या अडचणीला कोणी अन्याय म्हटले नाही. ती कागदाची आणि लाकडाची मर्यादा मानली गेली. संगणकाने ही मर्यादा मुळातूनच बदलली. विद्यापीठांच्या तालिका संगणकावर आल्या तेव्हा त्यांतील अक्षर कागदापासून सुटले. तीच नोंद आता आवाजात ऐकता येते, ब्रेल लिपीच्या उठावदार बिंदूंतून स्पर्शाने वाचता येते, वाटेल तेवढी मोठी करून पाहता येते. त्यानंतर जे अडथळे उरले ते प्रामुख्याने तालिकेची रचना करणाऱ्याच्या निवडीतून उरले. दुर्दैव आणि अन्याय यांच्यातील सीमारेषा येथे सरकली आहे, आणि या विषयाचे नैतिक मर्म त्या सरकण्यात आहे.

हे अडथळे वरवर पाहता क्षुल्लक भासतात. स्क्रीन रीडर ही आज्ञावली पडद्यावरचे दृश्य पाहत नाही. ती दृश्यामागची संहिता वाचते. शोधाच्या बटणावर भिंगाचे सुबक चित्र असले, पण संहितेत त्याला नाव दिलेले नसले, तर ऐकणाऱ्याला नुसते ‘बटण’ एवढेच ऐकू येते. ग्रंथ उपलब्ध आहे की बाहेर गेला आहे हे केवळ हिरव्या वा तांबड्या ठिपक्याने दाखवले, तर दृष्टिहीनाप्रमाणेच रंगांधालाही ते कळत नाही. ज्याला माऊस धरता येत नाही त्याचे सर्व व्यवहार कीबोर्डवर चालतात; पण विषयांची यादी माऊसखेरीज उघडतच नसेल तर तो दाराशीच थांबतो. यावरचे उपाय दुर्मीळ नाहीत. वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून उपलब्ध आहेत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर सर्वसाधारण आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ असावे, इतक्या तपशिलापर्यंत त्यांच्या पुढच्या आवृत्त्या जातात. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली आरंभलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो.

भारतीय भाषांच्या बाबतीत या अडथळ्यांत आणखी एकाची भर पडते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या फाँटांत टंकलिखित होत असे, त्यांत पडद्यावर ‘ज्ञानेश्वरी’ दिसली तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थशून्य मालिका असे. अशी नोंद डोळस वाचकाला सुवाच्य असते; ऐकणाऱ्याला मात्र तो निव्वळ कोलाहल. भारतीय ग्रंथांच्या नोंदी रोमन लिप्यंतरात करण्याची पद्धतही अनेक ठिकाणी रुजली. इंग्रजी उच्चारांची सवय असलेला यांत्रिक आवाज ते लिप्यंतर वाचू लागला की मराठी शीर्षक ओळखू येईनासे होते. ज्या भाषेत ग्रंथ लिहिला गेला त्या भाषेच्या लिपीत, युनिकोडमध्ये, त्याची नोंद असावी हा आग्रह म्हणूनच केवळ भाषाभिमानाचा ठरत नाही.

या मागणीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की ग्रंथालयात मदतीला माणूस असतो. तो तालिका पाहून सांगतो, ग्रंथ काढून देतो, मग यंत्राचा एवढा हट्ट कशासाठी? हा आक्षेप सहृदयतेतून येतो, म्हणून तो गांभीर्याने तपासला पाहिजे. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. तरीही त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. इतरांनी वाचलेले ऐकून केवढी विद्या संपादन करता येते याचा ते दाखला आहेत. समाजाने त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून गौरवले. परंतु असामान्य पुरुषाने अडथळा ओलांडला म्हणून तो अडथळा योग्य ठरत नाही. सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला असा शिष्यपरिवार येत नाही, आणि गौरवाच्या शब्दांनी त्याचे दार उघडत नाही.

शिवाय मागणे आणि शोधणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ज्याला प्रत्येक जिज्ञासा दुसऱ्याच्या कानावर घालावी लागते, तो हळूहळू उच्चारण्याजोग्याच जिज्ञासा बाळगू लागतो. एखाद्या आजाराविषयी, देहाविषयी, श्रद्धेतून उठलेल्या शंकेविषयी काही वाचावेसे वाटले, तर डोळस विद्यार्थी कोणाला न सांगता ते शोधतो. चुकीचे पुस्तक उघडतो, मिटतो, पुन्हा शोधतो. निरर्थक भटकण्याची ही मोकळीक विद्येच्या वाढीला आवश्यक असते. मदतनिसाला दहाव्यांदा ‘पुढचे पान पाहा’ असे सांगताना मात्र संकोच वाटतोच.

याचा अर्थ परावलंबन हेच लाजिरवाणे आहे, असा नव्हे. वस्तुतः स्वावलंबी वाचक कोणीच नसतो. डोळस वाचकही तालिकाकारावर, अनुवादकावर, बांधणी करणाऱ्यावर विसंबून असतो. दिव्याचा प्रकाशही त्याने निर्माण केलेला नसतो. भेद इतकाच, की त्याचे अवलंबन व्यवस्थेत विरून गेलेले असते आणि त्यासाठी त्याला दररोज आभार मानावे लागत नाहीत. अपंग वाचकाकडून मात्र व्यवस्था कृतज्ञतेचा कर वसूल करते. सुगम तालिकेची मागणी ही मदतीपासून सुटका मागत नाही. ती या करातून मुक्ती मागते. मदत करणारा माणूस त्यानंतरही हवाच असतो, परंतु मग त्याची मदत निवडलेली असते, लादलेली नसते.

दुसरा आक्षेप संख्येचा. असे वाचक किती, आणि त्यांच्यासाठी एवढा खर्च का करावा? हा प्रश्न विचारणारी विद्यापीठे एक गोष्ट विसरतात. वर्षानुवर्षे कोणीही न नेलेला ग्रंथ ती जपून ठेवतात. त्याची झाडलोट करतात, बांधणी सुधारतात, तालिकेत त्याची नोंद राखतात. कधीतरी एक वाचक येईल, एवढ्या शक्यतेवर त्या ग्रंथाचे स्थान टिकते. जी उदारता ग्रंथाला, ती वाचकाला नाकारण्याचे समर्थन रंगनाथनांच्या सूत्रांत कोठेही सापडणार नाही. आणि ज्यांना आत येताच आले नाही त्यांची गणती आतल्या हजेरीपटावरून करणे हा तर्कदोषही आहे.

कायद्याने या दिशेने पावले टाकली आहेत. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी ग्रंथांचे सुगम रूपांतर करण्यास प्रताधिकार कायद्यात मुभा मिळाली. २०१३ साली माराकेश येथे याच हेतूने आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्याला मान्यता देणारे भारत हे पहिले राष्ट्र ठरले. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने माहितीच्या सुगम्यतेचे दायित्व सांगितले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल साधनांपर्यंतची पोहोच संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग मानली. तथापि नियमाचे पालन आणि नियमाचा हेतू यांत अंतर राहू शकते. बटणाला नाव हवे म्हणून ‘चित्र’ असे नाव दिले की यांत्रिक तपासणीचे समाधान होते. वाचक होता तेथेच राहतो. म्हणून ज्यांच्यासाठी तालिका सुगम करायची, त्यांनीच ती वापरून पाहणे आणि त्यांच्या म्हणण्यावरून ती बदलणे हा परीक्षेचा खरा मार्ग होय.

या साऱ्यानंतरही एक अपुरेपण शिल्लक राहते. सुगम तालिकेतून सापडलेला ग्रंथ कित्येकदा केवळ छापील असतो, किंवा पानांची छायाचित्रे म्हणून साठवलेला असतो; स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही. तेव्हा अशा तालिकेचा उपयोग काय? उपयोग हा, की ग्रंथ अस्तित्वात आहे हे वाचकाला स्वतःला कळते. जे आहे हेच ठाऊक नाही त्याची मागणी कोणी करू शकत नाही. ग्रंथ कोणत्या रूपात उपलब्ध आहे, ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित की केवळ छापील, हे नोंदीत स्पष्ट लिहिले तर उणीवही तालिकेत नोंदली जाते आणि ग्रंथालयाला ती भरून काढण्याची जबाबदारी टाळता येत नाही. बोर्हेसना कवितेत ईश्वराशी बोलावे लागले. आजच्या विद्यार्थ्याला आपले गाऱ्हाणे ग्रंथपालाकडे नेता येते, आणि त्याचे उत्तर देणे ग्रंथपालाला शक्य आहे.